चढणीवरचा फोन

४ नोव्हेंबर
पुन्हा परत आली! त्याच ट्रकची थ्रॉटल बॉडी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची लेक आली हो माहेरी!" सगळे हसले. मीही हसले – काय करणार! डिझाईन माझं ना.

हिचं काम ते केवढं? एक नळी, आत एक गोल झडप. इंजिनाला हवा किती सोडायची ते तिने बघायचं. पण झडप नीट मिटली नाही की गाडी आचके देते. त्या ट्रकच्या ड्रायव्हरना मागेच माझा नंबर दिला होता. संध्याकाळी फोन आला, चढण संपते तिथून. "ताई, आज तर गाडीने जीवच काढला." बराच वेळ बोलले. ठेवल्यावर लक्षात आलं, ऑफिसबाहेर दिवसभरात मी कुणाशी बोललेच नव्हते.

९ नोव्हेंबर
चढणवाल्या दादांचा फोन. (हेच नाव ठेवलंय.) गाडीबद्दल थोडं, बाकी इकडचं तिकडचं.

१२ नोव्हेंबर
त्या ट्रकच्या गॅरेजमध्ये जाऊन आले आणि कपाळावर हात मारून घेतला! मेकॅनिक नळीच्या आतला काळा थर घासून घासून काढत होता. अरे बाबा, तो थर आम्हीच दिलाय! झडप त्याच्यामुळेच घट्ट बसते. त्याला ती काजळी वाटली. "बघा मॅडम, कसं चकचकीत केलं!" केवढ्या अभिमानाने दाखवलं. रागवायचं तरी कुणावर?

१९ नोव्हेंबर
मीटिंग. म्हटलं, थराचा रंग बदलू या, काजळीसारखा दिसायलाच नको. साहेब म्हणाले, "रंगासाठी डिझाईन बदलायचं?" म्हटलं, तुटलं तरच बदलायचं असतं का? लोक त्याला हात कसा लावतात ते कोण बघणार? आवाज जरा जास्तच चढला माझा. चाचण्यांना परवानगी मिळाली मात्र!

कुणाला तरी रंगवून सांगावंसं वाटत होतं. मुलाला फोन लावला. "आई, कामात आहे गं." घर नुसतं खायला उठलं. मग दादांचा फोन आला, त्यांनाच सगळं सांगितलं. "शाब्बास ताई!" म्हणाले. मला रडूच आलं.

२ डिसेंबर
आठवडाभर फोन नाही.

५ डिसेंबर
आला! रेंज नव्हती म्हणे. गाडीचं तेच रडगाणं.

११ मार्च
मंजूर! थर आता हिरवा. पहिला नग दादांच्या ट्रकला. वाटलं, खूश होतील. तर फोनवर म्हणाले, "घाई नको ताई. भागतंय माझं."

खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. गाडी सुधारली की ते कशाला फोन करतील? साहेब पाठ थोपटत होते आणि मला तो नग गॅरेजला पाठवायचं जिवावर आलं होतं. पाठवला.

१८ मार्च
गॅरेजला फोन करून विचारलं, बसवला का? मेकॅनिक म्हणाला, "कशाला बसवू मॅडम? मालकाने ती गाडी नोव्हेंबरातच विकली. दादा तेव्हापासून घरीच असतात. एकटेच."

संध्याकाळी फोन वाजला. "ताई, आज चढणीवर पुन्हा आचका दिला हो."

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "सांगा दादा. अगदी पहिल्यापासून सांगा."