जरा सढळ हाताने

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. तू विणलेला स्वेटर अंगातून निघत नाही.

मी सांभाळते त्या वृद्धाश्रमात आग विझवणारे पाण्याचे पाइप माळ्यावरून जातात. इथल्या बर्फाच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात एक द्रव मिसळतात. गेल्या वर्षी पाइप फुटला, म्हणून यंदा मीच प्लंबरला म्हटलं, "हात आखडू नका, जरा सढळ हाताने घाला."

काल अग्निशमन खात्याचे तपासनीस आले. थेंबभर नमुना काचेवर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा द्रव पेट घेणारा असतो, आणि हे मिश्रण इतकं कडक झालंय की आगीवर पडलं तर आगच भडकेल. कुणाची ही अक्कल?"

प्लंबरने मान खाली घातली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांपुढे उभी राहायचे, तशी मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझी."

आज सगळं काढून योग्य प्रमाणातलं तयार मिश्रण भरलं. दोनदा तपासलं, बरोबर आलं. पण अकरा आज्या दोन महिने त्या पाइपांखाली झोपल्या, हे मनातून जात नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नकोस. आणि लवकर आराम पडावा म्हणून मी तुला एक गोळी जास्त द्यायला सांगितली होती ना, ती आजपासून बंद कर. डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्याच दे.

तुझीच,
धाकटी