अकोल्याचं उत्तर

२४ एप्रिल १९३७, अकोला

पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तरी हात जोडलेलेच होते. एक टांगेवाला थांबला. त्याला वाटलं, नमस्कार त्यालाच. हात खाली घेतले.

मुलाखत बरी झाली. कविता शिकवून दाखवली, दशांश फळ्यावर सोडवले. समितीचे तिघेही माना हलवत होते. खुर्ची मी जरा तिरपी घेतली होती — उजवा कान त्यांच्याकडे राहील अशी. मग चिटणीस बापूसाहेबांनी विचारलं, "यजमान कुठं असतात?"

"धामणगावला. कापसाच्या जिनात कारकून आहेत."

"आणि आपण अमरावतीला?"

"भावाकडे."

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शाळा मुलींची आहे, बाई. पालक विचारतात." मग म्हणाले, "कळवू."

२९ एप्रिल, अमरावती

टपाल आलं. माझं काही नाही.

१ मे

वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, तुम्ही अकोल्याला गेलात तर श्रावणात माझं कोण करणार?" तिला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. वाईट नाही ती. पण माझ्या जाण्याचा विचार तिने एवढाच केला आहे.

या घरात चार वर्षं झाली. चूल माझ्याकडे, दळण माझ्याकडे, मुलं माझ्याकडे. माझं म्हणावं तर एक ट्रंक. ती जिन्याखाली असते. मीही तिथंच निजते.

दादाला म्हटलं, बापूसाहेबांना एकदा विचारून पाहतोस का? वकील वकिलाला विचारेल. म्हणाला, "मागं लागलं की गरज दिसते. थांब जरा."

गरज दिसू नये! आणि असलेली गरज कुठं ठेवू? जिन्याखाली जागा नाही.

२ मे

मीच लिहिलं. 'मुलाखतीच्या निकालाची वाट पाहत आहे. कृपया कळवावे.' चार वेळा खोडलं. 'वाट पाहत आहे' काढावं वाटलं, पण काढलं तर मग काय उरतं?

पार्बताबाईच्या हाती पेटीत टाकायला दिलं. ती सकाळी दूध घालायला येते. दादाला सांगितलं नाही.

५ मे

उत्तर नाही.

पार्बताबाई दूध मापता मापता थांबली. "काहून वो बाई, तोंड कायले उतरलं?"

सांगितलं.

"मंग त्या बापूसायबाले कायले इचारून राहिल्या? त्याच्या बायकोले इचारा ना! माह्या घरी बी तसंच हाय. पाटील पंचाईत माह्या नवऱ्यासंग करते, अन् ठरोतो मी." मग हसली. "तेवढं नवऱ्याले सांगू नका."

दुपारी चारुशीलाचं कार्ड आलं. शाळेतली मैत्रीण, लग्नानंतर अकोल्याला असते. शुक्रवारी बापूसाहेबांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. 'माझ्याबरोबर चल. बापूसाहेबांच्या बायकोनं, कौशल्याकाकूंनी, मनात घेतलं तर झालंच समज.'

दादाला म्हटलं, चारुशीलाकडे हळदीकुंकू आहे. लगेच हो म्हणाला. नोकरी विचारायला जाता येत नाही. हळदीकुंकवाला जाता येतं.

७ मे, अकोला

हे लिहिताना हाताला अजून अत्तराचा वास आहे.

बायका खूप. गौर पितळी पाळण्यात, पुढे कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. चारुशीलानं ओळख करून दिली — "ही अनसूया. शाळेसाठी मुलाखत देऊन गेली ना, तीच." कौशल्याकाकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुंकू पाहिलं. मंगळसूत्र पाहिलं.

ओटी भरायला बसले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हिला टाकलीय म्हणतात नवऱ्यानं." नेमकं उजव्या बाजूनं.

तेवढ्यात गलका. "नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय ओटी नाही!"

चार वर्षांत ते नाव तोंडातून निघालं नव्हतं. या वहीतही नाही. सगळ्या थांबल्या. काकूंच्या ओंजळीत भिजवलेले हरभरे तसेच. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "घेईना! समजलं मग काय ते."

मी घेतलं.

"चैत्रगौरीपुढे ठेवली कलिंगडाची फोड,
कमलाकांतरावांचा स्वभाव त्याहून गोड."

काय हसल्या! "अगं बाई! इतका गोड, मग तिकडं एकटा कशाला ठेवलास? मुंग्या लागतील!" मीही हसले. खरंच हसले, हेच कळत नाही. आणि तोंड एकदा सुटलं ते सुटलंच — म्हटलं, "जिनाचं काम ना, बिऱ्हाड करता येत नाही. इथं जागा मिळाली की दोघं इथंच राहू."

हरभरे पदरात पडले. काकू म्हणाल्या, "असं सरळ सांगायचं की मुलाखतीत! आमचे उगाच काळजीत. आजच सांगते."

पार्बताबाई, ठरलं बहुतेक.

८ मे, अमरावती

गाडीत सारखं तेच. म्हणायला काय जातं! चार शब्द. कुणाचं काय गेलं?

डावा कान आज जास्त वाजतो आहे.

१२ मे

दादा बडनेऱ्याच्या लग्नाहून आला तो दारातूनच ओरडत. "अनू, झालं तुझं काम!"

पंगतीत बापूसाहेब शेजारी होते म्हणे. नेमणूक माझी. जूनपासून. वहिनीने हातातलं सूप खाली ठेवलं. मी भिंतीला हात लावला. खरं वाटेना.

"आणि शाळेच्या आवारात दोन खोल्यासुद्धा. आधीची मास्तरीण एकटी होती, तिला एकच होती. तुम्ही दोघं ना!"

"दोघं?"

"बापूसाहेब फार रीतीचा माणूस. बायकोची नेमणूक, तेव्हा आधी नवऱ्याची संमती हवी. त्यांनी धामणगावला माणूस पाठवला. कमलाकांतरावांना निरोप पोचलासुद्धा." दादाचे डोळे भरून आले होते. "मी म्हणतच होतो, होईल सगळं नीट."

डावा कान कुणामुळे गेला, ते दादाला माहीत आहे. मी आले तेव्हा एकदाच बोलला होता — "रागाच्या भरात होतं कधी कधी."

म्हटलं, बापूसाहेबांना सांग, मी खोटं बोलले. मला एक खोली पुरे. दादा म्हणाला, "वेडी आहेस का? चारचौघींत नाव घेऊन आलीस म्हणे. आता नाही म्हणालीस तर नोकरीही जाईल आणि माझं नाकही."

१३ मे, अक्षय्यतृतीया

आमरस. मुलांना वाढलं. गौरीची बोळवण.

या दिवसांत कापसाचा हंगाम संपून जिनं बंद होतात. कारकुनांनाही सुट्टी मिळते. हे मला हळदीकुंकवात बोलतानाच आठवायला हवं होतं.

त्यांनी संमती दिली नाही तर नोकरी नाही. दिली तर — पुढचं लिहीत नाही.

१४ मे

सकाळच्या गाडीने ते आले. बरोबर वळकटी आणि ट्रंक. दादाने पाय धुवायला पाणी दिलं. संमती देऊन, अकोल्याच्या खोल्या पाहूनच आले म्हणाले. चहा मी नेला. साखर कमी आहे म्हणाले. माझ्या डाव्या बाजूला बसले होते, म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.