मधाचं वर्तुळ

मंगळवार, २३ ऑक्टोबर १९५६, नारायणगुडा

काल लिहिलं की अडुळशाने जंतू मारले. ते चूक. आबांनी रस नेहमीसारखा मध घालून दिला आणि मी, त्यांच्याच हाताखाली वैद्यकी शिकलेली, मध औषधातच धरला. काल निघताना जंतूंच्या एका बशीत नुसता मध घालून ठेवला होता, तो आज पाहिला. भोवती रसाच्या बशीतल्याएवढंच स्वच्छ, जंतू मेलेलं वर्तुळ.

घरी येऊन भीत भीत सांगितलं. आबा हसतच सुटले. "मेहनत माझी आन् नाव मधमाशीचं! रडतेस कायकू? मधाशिवाय मी कधी अडुळसा दिलाय का कुणाला?" मग कंबर धरत उठले आणि बिनमधाच्या रसासाठी पानं धुवायला बसले.

ते वर्तुळ मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. भाषेवरून राज्याची वाटणी होतेय, आमच्या प्रयोगशाळेचे सर औरंगाबादला चालले, आणि याच निकालावर मला तिथल्या प्रयोगशाळेत घेणार आहेत. खरं कळल्यावर घेतील? आबा म्हणतात, "न घेतलं तर इथं पानं धुवायला जागा आहे."

नव्या रसाचा निकाल शुक्रवारी लागेल. तोवर थांबावं का? नको. सरांना उद्याच, बुधवारी सकाळी, प्रयोगशाळा उघडताच सांगायचं.