अवेळी छाटणी

१२ ऑक्टोबर

एवढा मोठा कागद घेतलास आणि लिहिलंस काय, तर आई बरी आहे, बाग छान आहे. बाकीच्या कागदाचं काय मी लोणचं घालू?

चि. भिंगरी, आशीर्वाद आहेतच, रागासकट. वि. वि. मी इथे तुझ्या मामाकडे तिसऱ्या मजल्यावर गुडघा धरून बसलेय. कानाचं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, म्हणून तुला लिहायला लावते. जिच्या पोटात दुखणं घर करून बसलंय ती नुसती बरी कशी असेल? खाते किती, झोपते किती, दवाखान्यातून आल्यावर उलट्या होतात का, ते लिही.

तुमच्या बागेतलं ते फुलझाड, हायड्रेंजिया. माझी जीभ तिथे वळत नाही, मी आपली गुच्छवाली म्हणते. दुपारी तिची पानं मान टाकतात. ते तिचं नाटक असतं. लगेच बादली घेऊन धावू नकोस, मुळं कुजतील. मातीत बोट खुपसून बघ, कोरडं लागलं तरच पाणी. कात्रीला मात्र हात लावायचा नाही. ते काम तुझ्या आईचं. तुझ्या बापालाही लांब ठेव, त्याला कुंपण कुठलं आणि झाड कुठलं कळत नाही.

आईच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरव.

तुझी आजी

२० ऑक्टोबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आता ओळी मोजून घे. आई खरंच सुधारतेय. या महिन्यात दवाखान्यात गेलीच नाही, डॉक्टरांनी सुट्टी दिली म्हणाली. उलट्या थांबल्यात, दोन घास जास्त जातात. बाबांनी रजा टाकलीय. दिवसभर घरात असतात आणि माझ्यावर एकदाही ओरडत नाहीत, त्याचीच भीती वाटते.

माती रोज बोटाने बघते. काल तर आई स्वतः बागेत आली. स्टुलावर बसून तिने तिन्ही हायड्रेंजिया छाटल्या, अगदी वीतभर ठेवल्या. फांद्या मीच ओढत नेल्या. हिरव्यागार होत्या, टोकाला फुगीर कोंब होते. एवढं कशाला म्हटलं, तर म्हणाली, झाड हलकं होतं. इतक्या दिवसांनी तिच्या हातात कात्री बघून मला नाचावंसं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात जोरात फुलतील ना? माती आंबट केली की फुलं निळी होतात असं तू सांगितलं होतंस. निळी करू की गुलाबीच राहू दे?

राग संपला की उरलेली माया पाठव.

भिंगरी

२६ ऑक्टोबर

चि. लेकीस आशीर्वाद. हे पत्र पोरीच्या हाती देऊ नकोस.

ती नाचतेय. मी मात्र तिचं पत्र तीनदा वाचलं. गुच्छवालीची पुढल्या वर्षीची कळी आत्ता जुन्या काडीच्या टोकाला धरते, हे तुला अक्षरं यायच्या आधी शिकवलं. लहानपणी याच दिवसांत भावाने एक फांदी मोडली, तर त्याच्या मनगटाला कडकडून चावली होतीस. ती तू झाडं बुंध्याशी आणलीस? हात चुकला म्हणू नकोस. दवाखाना सोडलास ना? आईला सरळ सांग.

तुझी आई

२ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

सोडला. आणखी औषधाने नुसता त्रास वाढेल, असं डॉक्टरच म्हणाले. थंडी निघेल, त्यापुढचं ते बोलत नाहीत. ह्यांना माहीत आहे. भिंगरीला नाही. औषधाची मळमळ गेली म्हणून तिला मी सुधारलेली वाटते.

झाडं मुद्दाम छाटली. मी नसताना ती फुलली असती आणि पोर रोज समोर बसून राहिली असती. एक उन्हाळा नुसत्या काड्या राहू देत. मुळं धड आहेत, त्याच्या पुढच्या वर्षी येतील फुलं. तोवर तिला सोसेल. तिची परीक्षा झाली की सांगेन.

ओरडू नकोस, आई. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी लेक

७ नोव्हेंबर

ओरडणारच. तुझ्यावर नाही तर कुणावर ओरडू?

लेकी, उन्हाळ्यात पोरीला काय सोसेल ते तू ठरवून टाकलंस आणि आज तिला काही कळू देत नाहीस. अगं, ती त्या काड्यांपाशी रोज बोट खुपसून बसेल. फुलं का येत नाहीत म्हणून स्वतःला दोष देईल. मग कुणीतरी शहाणा सांगेल की कळ्या त्या फांद्यांत होत्या, ज्या तिने हसत हसत ओढून नेल्या. तेव्हा तिला कोण धरणार? जावई भला माणूस आहे, पण त्याला स्वतःचं रडू आवरत नाही.

परीक्षा दरवर्षी येते. आत्ता रडली तर तुझ्या कुशीत रडेल. ती जागा नंतर मी कुठून आणू?

झाडांचं केलंस ते केलंस, त्यावर मी बोलत नाही. तुझ्या भावाला गाडी काढायला सांगितलीय. मला जिन्यावरून उचलून न्यावं लागलं तरी नेईल. पण मी दारात उभी राहिले की पोर माझं तोंड बघून ओळखेल. त्याआधी तिला तुझ्या तोंडून कळायला हवं.

मायेचं काय सांगायचं, ती काही कमी होत नाही, हीच पंचाईत आहे.

याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. जावयानेही नाही. पोरीला सांगून झालं की तिनेच लिहायचं, ते पत्र आलं की मी निघते. तोवर तुम्हा दोघांचं पाकीट मी फोडणार नाही.

तुझी आई