समस्त ग्रामस्थ

१२ जानेवारी
दगडखाणीत दुपारी पुन्हा सुरुंग. माझ्या अंगणवाडीची भिंत दारापासून खिडकीपर्यंत तडकली. पोरं आतच होती. कुणाला लागलं नाही. वाडी देवळात जमली. "सुलभाबाई, अर्ज तुम्हीच लिहा." लिहिला. खाली नाव कुणाचं? सगळे एकदम, "समस्त ग्रामस्थ!" बरं वाटलं.

१५ जाने.
खेडला तहसील कचेरीत. कारकुनाने अर्ज वाचून परत सरकवला. "समस्त ग्रामस्थ म्हणजे कोण, बाई? पत्र कुणाला पाठवू? नावं आणा, सह्या आणा." माणूस वाईट नव्हता. एस.टी.त तेच डोक्यात.

१६ जाने.
घरोघर फिरले. "आम्ही आहोतच की ग्रामस्थांत." "आधी सरपंचांची घ्या." एकाला पेन हातात धरल्यावर चष्मा सापडेना. कागद कोराच.
दीर, प्रकाश, त्याच खाणीवर डंपर चालवतो. जेवताना म्हणाला, "वहिनी, ग्रामस्थ लिहिलंत तोवर ठीक. नाव लिहिलंत तर मला तिथं कोण ठेवील?" मी वाढत राहिले.

१७ जाने.
मुंबईहून ह्यांचा फोन. "तूच कशाला पुढे? मानधनावरची नोकरी तुझी." खरंय. पण ती भिंत...

१९ जाने.
पार्वतीकाकी काठी टेकत आली. घर तिचं खाणीला लागूनच. "माजा नाव लिव, बाय. आंगठा देतंय." दिला. बोट पदराला पुसत म्हणाली, "नि तुजा नाव कुठाय?"
लिहिलं. 

२१ जाने.
अर्ज दिला. "दोघीच?" कारकून. पोचेचा शिक्का मात्र मारला.

२३ जाने.
वाडीत कळलंय. विहिरीवर गेले की बोलणं थांबतं. खाणीच्या मुकादमाने प्रकाशला विचारलं म्हणे, "सुलभा तुझी कोण?" हा काय म्हणाला, ते सांगत नाही. दोन दिवस आमच्याकडे जेवायला नाही.

२४ जाने.
कचेरीतून निरोप आला. उद्या साहेब पाहणीला येणार, अर्जदारांनी हजर राहावं. पोरांना देवळात बसवायचं ठरवलं. मदतनीस सांभाळेल. दहाला काकीला घेऊन खाणीवर जायचं. रस्ता अरुंद, डंपर समोरूनच येतात. प्रकाशची पाळी सकाळची. आम्ही दिसलो की तो गाडी थांबवेल, की तोंड फिरवून पुढे जाईल?