शप्पथ घेतली की घातली?

ती. शैलाताईच्या चरणी धाकट्या दिवाकरचा सुरगाण्याहून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा रक्तदाब हे दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा करतो. (नाशिक रोडला फोन लागतो, हे मला ठाऊक आहे; परंतु फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.)

येथे मी आरोग्यसेविकांना वर्तनबदलाची तंत्रे ओळखायला शिकवतो. म्हणजे असे की, गोड सोडवण्यासाठी कोणी रुग्णाला रोजचे खाणे लिहून ठेवायला सांगते, तर कोणी साखरेची बरणीच घरातून हलवायला लावते. ही दोन निराळी तंत्रे होत. पहिल्या दिवशी सर्वांनी प्रत्येक उदाहरणापुढे ‘समजावले’ एवढेच लिहिले. शुक्रवारी परीक्षा आहे. तीत एकमेकींचे न पाहता सर्वांची उत्तरे जुळली नाहीत, तर हा वर्ग बंद होणार. आणि मी तो बंद होऊ देणार नाही.

म्हणून काल जिवंत उदाहरण घेतले. दिवाळीत मला मधुमेह निघाल्यावर तू मोबाइलवर पाठवलेला आवाजी निरोप वर्गाला ऐकवला. (रुग्णाचे नाव गुप्त ठेवले होते, ‘दिवू’ मात्र सर्वांनी ऐकले.) ‘दिवू, जिलबीला हात लावलास तर माझी शप्पथ आहे तुला!’ वर्ग तत्काळ दुभंगला. निम्म्या जणी म्हणाल्या वचन, निम्म्या म्हणाल्या धमकी.

‘लय धाक हाय बाईचा!’ रंगूबाई म्हणाल्या.

‘धाक नाय वं, माया हाय ती,’ भाग्यश्री कडाडली.

अखेर मी फळ्यावर दोनच क्रियापदे लिहिली: घेतली, घातली. शपथ रुग्णाने स्वतः घेतली तर वचन. दुसऱ्याने घातली तर तो दबाव, मग मायेचा का असेना. लगेच नवी उदाहरणे दिली आणि ताई, सर्वांची उत्तरे तंतोतंत जुळली! (माझे डोळे भरून आले. चष्मा पुसण्याचे निमित्त केले.) एवढ्यात भाग्यश्रीने विचारले, ‘पण सर, तुमची जिलबी सुटली का?’ मी शांतपणे स्पष्ट केले की, तंत्र ओळखणे आणि तंत्राचा गुण येणे हे स्वतंत्र विषय असून दुसरा अभ्यासक्रमात नाही.

शुक्रवारी वर्ग उत्तीर्ण होणारच.

तुझा आज्ञाधारक,
दिवाकर

ता. क. उत्तीर्ण झाल्यावर सेविका जिलबी आणणार आहेत. शपथ मोडल्याने कोणाला काही होते, यावर माझा मुळीच विश्वास नाही. परंतु बहीण मला एकच आहे. तरी कृपया एकदा मोठ्याने ‘शप्पथ सुटली’ म्हणावेस.

आणखी ता. क. शुक्रवारच्या जिलबीचा नमुना कालच येऊन गेला. सबब ‘सुटली’ पूर्वलक्षी प्रभावाने म्हणावेस.