वरून टकटक आली नाही

दादा,

आल्या आल्या हातपाय धुवायला नळ सोडू नकोस. आत्या वर आंघोळीला गेलीय. टाकी तिच्या डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला दाब नाही आणि तिच्या नळाला करंगळीएवढी धार. खाली आपण नळ सोडला की तीही तुटते. नेहमीसारखी तिने पाइपवर टकटक केली, मी आपले सगळे नळ बंद केले. आंघोळ आटपली की ती पुन्हा टकटक करते. आज केली नाही. मी खालून पान्याने ठोकून ठोकून दमले. ती फोन उचलत नाही, तुझा बंद. पाइपला कान लावला तर पाणी अजून वाहतंय.

तिची दुसरी किल्ली घेऊन मी वर जातेय. बाथरूमची कडी आतून असणार, ती माझ्याने तुटायची नाही. हातोडी घे आणि तसाच वर ये. तुझा नि आत्याचा अबोला आज बाजूला ठेव.

नळाला मात्र हात लावू नकोस. आंघोळच चालली असेल तर मधेच पाणी गेलं म्हणून ती आपल्याला सोलून काढेल.

आज तिच्या शिव्या खायला मी एका पायावर तयार आहे.